कुडकुडण्याच्या एक पायरी अलीकडे

मे महिन्यात हैदराबादच्या बरकतपुऱ्यात बसस्टॉपवर स्वेटर घालून उभी राहणारी बाई कोण, असा प्रश्न आमच्या भागातल्या जुन्या लोकांना पडला असेल, तर ती मीच. एकदा एका ऑटोवाल्याला वाटलं की मला हिवताप भरलाय, आणि त्याने आपणहून ऑटो सरकारी दवाखान्याकडे वळवली. मी म्हटलं, बाबा, मला काही झालेलं नाही, माझी नोकरीच थंडीची आहे. "आइसक्रीम फॅक्टरी में क्या, अम्मा?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. खरं सांगायला गेले असते तर घर आलं तरी संपलं नसतं.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक तीन वर्षं मागे लागलेत की आता रिटायर झालात, नोकरीबद्दल काहीतरी लिहा. त्यांना बहुतेक सेवाभाव, रुग्णांचे आशीर्वाद वगैरे हवं आहे. आशीर्वाद मिळाले, नाही असं नाही. पण बोलणी जास्त खाल्ली, आणि त्यातली बरीचशी वाजवी होती. माझा मुलगा आणि सून कुकटपल्लीला राहतात, दोघांनाही मराठी धड वाचता येत नाही. अंक घरी गेला की ते मधली जाहिरातींची पानं बघतात आणि परत पाठवतात. तेव्हा मोकळेपणी लिहायला हरकत नाही.

मी एका खासगी दवाखान्यात पेट-सीटी स्कॅनची टेक्निशियन होते. हे यंत्र काय करतं ते आधी सांगते. माणसाच्या शिरेत थोडीशी साखर टोचायची. ही साखर किरणोत्सारी असते, म्हणजे ती शरीरात कुठे गेली ते बाहेरून टिपता येतं. जो अवयव जास्त काम करत असेल तो जास्त साखर पितो, आणि तासाभराने माणसाला यंत्रात सरकवलं की तो भाग पडद्यावर उजळलेला दिसतो. मेंदू पितो, हृदय पितं. कॅन्सरच्या गाठी फार अधाशी असतात, म्हणून त्या सापडतात. आणि माणूस गारठला असेल तर तपकिरी चरबीसुद्धा पिते.

तपकिरी चरबी म्हणजे पोटावरची नव्हे. पोटावरची असते ती पांढरी, साठवणुकीची. तिचा आमच्या शहरात कधी तुटवडा पडलेला नाही. तपकिरी चरबी थोडीशीच असते, मानेत, गळपट्टीच्या हाडांच्या वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना. तिचं काम एकच, जळून ऊब द्यायची. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून त्याला ती भरपूर दिलेली असते. मोठेपणी ती संपून जाते अशी पूर्वी समजूत होती. मग हे स्कॅन सुरू झाले आणि गारठलेल्या मोठ्या माणसांच्या मानेतही दोन्हीकडे उजेड दिसायला लागला, तेव्हा डॉक्टरांची झोप उडाली.

आमच्या विभागप्रमुख डॉ. पद्मजा मॅडम. त्यांनी ठरवलं की हैदराबादेतल्या धडधाकट माणसांमध्ये ही चरबी किती जागी आहे ते मोजायचं. मोजायची तर ती आधी जागी करायला हवी, आणि ती जागी होते फक्त थंडीने. अशा रीतीने वयाच्या पन्नाशीत मला लोकांना गार करण्याचं काम मिळालं.

त्यासाठी एक निळं जाकीट होतं. त्याच्या अस्तरात बारीक नळ्या, नळ्यांतून गार पाणी फिरायचं. विश्रांतीच्या खोलीतला एसी अठरावर ठेवायचा, माणसाला पातळ कपड्यांत बसवून जाकीट चढवायचं आणि पाणी हळूहळू थंड करत न्यायचं. गंमत अशी की माणूस गारठायला हवा, पण कुडकुडायला नको. कुडकुडणं हे स्नायूंचं काम. स्नायू कामाला लागले की सगळी साखर तेच पिऊन टाकतात आणि चरबीच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणजे माणसाला कुडकुडण्याच्या एक पायरी अलीकडे नेऊन उभं करायचं, आणि दोन तास तिथंच धरून ठेवायचं.

या एका बाबतीत मी उस्ताद झाले. कोण कधी कुडकुडणार ते मला त्याच्या आधी कळायचं. पहिल्यांदा पायाची बोटं एकमेकांवर चढतात. मग माणूस जबडा आवळतो. मग तो कुणीही न विचारता सांगतो की मी एकदम ठीक आहे. हे वाक्य आलं की मी पाण्याची थंडी थोडी कमी करायची. दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, कातडीचं तापमान, सगळं लिहून ठेवायची. पद्मजा मॅडम परदेशी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायच्या की हिच्या हाताखाली अजून एकही माणूस कुडकुडलेला नाही. मी स्वेटरच्या बाह्या ओढत नम्रपणे उभी राहायची, पण आतून फुगलेली असायची.

आमच्याकडे स्वेच्छेने गारठायला आलेल्यांत एक मस्तानभाई होते. जुन्या शहरातले शिंपी, अंगाने काडीसारखे. जाकिटाची शिलाई उलटसुलट करून बघितली आणि कारागिराला नावं ठेवली. पाणी सुरू झाल्यावर मला म्हणाले, "अम्मा, इत्ता ठंडा तो मुर्दाखाने में बी नै रैता." पण स्कॅन असा निघाला की मॅडम खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. मानेपासून कण्यापर्यंत नुसता झगमगाट. मी त्यांना सांगितलं, तुमच्यात ही चरबी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. "अच्छी चीज है कि बुरी?" चांगली आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, हे कागदावर लिहून द्याल का. घरी बेगम म्हणते माझ्यात काहीच नाही, तिला दाखवायचंय.

याच्या उलट कुकटपल्लीचे श्रीनिवास राव. त्यांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. तपकिरी चरबी जळली की माणूस बारीक होतो असं कुठेसं वाचून ते आले, येताना मेहुण्यालाही घेऊन आले. मेहुण्याची मान उजळली. रावांच्या मानेत मिट्ट काळोख. "मळ्ळी चेक चेय्यंडी, मॅडम," म्हणजे पुन्हा बघा, असं ते तीन वेळा म्हणाले, आणि मेहुणा आदराने खाली बघत राहिला. बिचारे मनाने मात्र मोठे. पुढच्या आठवड्यात त्यांनी विभागाला डझनभर लाल बादल्या पाठवल्या. पेट-सीटी विभागात बादल्यांचं काय काम, असं तेव्हा मला वाटलं होतं.

यंत्र फार चुगलखोर आहे. टोचल्यावर तासभर पडून राहायचं, हलायचं नाही, चघळायचं नाही, बोलायचं नाही, असा आमचा नियम. जो काही करेल त्याची चुगली स्कॅनमध्ये होते. मोबाईल खेळला तर अंगठ्याकडचे स्नायू उजळतात. सुपारी चघळली तर जबडा. आमच्याच बरकतपुऱ्यातले एक वकीलसाहेब, तीन पिढ्या कोर्टात काढलेलं घराणं, त्यांचा घसा असा पेटलेला दिसला की मी विचारलं, तासभर कुणाशी बोलत होता. ते रागावले. म्हणाले, एक अक्षर बोललो नाही, फक्त स्तोत्र म्हणत होतो. पुटपुटत म्हटलेलं देवाला ऐकू जात असेल नसेल, आम्हाला मात्र दिसलं. दुसऱ्या खेपेला उपाशीपोटी या म्हटलं तर साबुदाण्याची खिचडी खाऊन आले आणि त्यांना परत पाठवावं लागलं, पण ते जाऊ दे. सांगायचं इतकंच की त्या खोलीत "बोलायचं नाही" हे मी दिवसातून दहा वेळा, पोलिसाच्या आवाजात सांगायची.

आता खरं जे सांगायचं आहे ते. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलले, कारण तिकडे जायला पाय निघत नव्हता.

हे संशोधन सकाळी व्हायचं. दहानंतर कॅन्सरचे रुग्ण. खोली तीच, एसी तोच. फक्त रुग्णांच्या वेळी सगळं उलटं. त्यांची तपकिरी चरबी झोपलेलीच बरी, कारण ती जागी झाली तर मानेतल्या गाठीसारखी दिसते आणि भलताच घोळ होतो. म्हणून रुग्ण येण्याआधी एसी वाढवायचा, खोली ऊबदार करायची, जाड ब्लँकेट द्यायचं. फॉर्मवर त्यासाठी दोन रकाने होते. खोलीचं तापमान किती, आणि ब्लँकेट दिलं का. सकाळचा पहिला चहा घेताना मी दिवसभराच्या रुग्णांचे फॉर्म पुढ्यात घ्यायची आणि ते दोन रकाने एका झटक्यात भरून टाकायची. चोवीस, हो. चोवीस, हो. चोवीस, हो. नाहीतरी तसंच करणार होते, मग नंतर कशाला वेळ घालवा.

रिमोट माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात असायचा. बाहेर ठेवला की ज्याला त्याला एसीशी खेळायची हुक्की यायची.

वृंदा टीचर विद्यानगरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. पंचेचाळिशीच्या आसपास वय. मानेतल्या आणि छातीतल्या गाठींचा कॅन्सर झाला होता, औषधं संपून दीड वर्ष झालं होतं. पहिल्या स्कॅनला आल्या तेव्हा मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. तेव्हा त्यांची कमरेपर्यंत वेणी होती. उपचारांत ती गेली. आता दीड वर्षाने, जानेवारीतल्या एका शुक्रवारी आल्या तेव्हा खांद्यापर्यंत केस होते आणि त्यांचा छोटासा अंबाडा घातला होता.

"शुक्रवार ना," त्या म्हणाल्या, "सकाळीच न्हाले. किती दिवसांनी न्हायला केस आलेत, शैलाताई. वाळवायला वेळ लागतो हे विसरूनच गेले होते."

मी म्हटलं, छान दिसतात. आणि खरंच छान दिसत होते. ओल्या केसांचा अंबाडा नेमका मानेवर बसलाय, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि डोक्यापर्यंत पोचवलं नाही.

त्या दिवशी सकाळी निळ्या जाकिटाची नळी फुटली होती. खोलीभर पाणी. आमच्या मल्लम्मा आया आणि मी दोघींनी मिळून ते पुसलं, श्रीनिवास रावांच्या बादल्या तेव्हा पहिल्यांदा कामाला आल्या. जाड ब्लँकेटं कोपऱ्यात ठेवलेली, तीही भिजली. माझा अ‍ॅप्रन भिजला, तो काढून खुंटीला टांगला आणि दुसरा घातला. एवढ्यात साखरेचा डोस घेऊन गाडी आली. हा डोस दोन तासांतच निम्मा होतो, त्यामुळे तो आला की सगळे पळायला लागतात. मी टीचरना आत नेलं, टोचलं, कोरडी होती ती एक चादर त्यांच्यावर घातली आणि सवयीने सांगितलं, "तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही." त्यांनी मान हलवली. गणिताच्या बाई, नियम पाळणाऱ्या.

तासाभराने त्यांना उठवायला गेले तेव्हा खोलीत गारठा जाणवला, एसी सकाळचा अठरावरच होता. रिमोट शोधला, सापडेना. वैतागून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि त्यांना यंत्राकडे घेऊन गेले. फॉर्मवर चोवीस लिहिलेलं होतं. ते खोडून अठरा लिहायला दोन सेकंद लागली असती. पण खोडलं की बाजूला सही करायची, सही केली की कारण लिहायचं, आणि कारण लिहिलं की मॅडमपुढे उभं राहायचं. मी खोडलं नाही.

स्कॅनमध्ये मानेत दोन्ही बाजूंना उजेड होता. मी बघितलं. मनात म्हटलं, गारठल्या बिचाऱ्या, तपकिरी चरबी आहे. मॅडमच्या लक्षात येईलच. त्या इतक्या हुशार. आणि मी डबा खायला गेले.

सोमवारी सकाळी मी चहा घेत होते, पुढ्यात दिवसाचे फॉर्म, हातात पेन. मल्लम्मा धोब्याकडे द्यायचे कपडे गोळा करत होती. तिने खुंटीवरच्या अ‍ॅप्रनचे खिसे तपासले आणि रिमोट माझ्यासमोर ठेवला. "अम्मा, इदि मी जेबुलो उंदि." तुमच्याच खिशात होता. त्याच वेळी संगणकावर शनिवारचे रिपोर्ट उघडलेले होते, आणि वृंदा टीचरच्या रिपोर्टात लिहिलं होतं, आजार उलटल्याचा दाट संशय, बायोप्सी करावी. खाली एक वाक्य होतं. तपासणीच्या वेळी खोली ऊबदार असल्याची आणि ब्लँकेट दिल्याची नोंद आहे, त्यामुळे तपकिरी चरबीची शक्यता कमी वाटते.

डाव्या बाजूला टीचरची जुनी वाळलेली गाठ होतीच, तिच्या शेजारीच हा उजेड. मॅडमना शंका होती, म्हणून त्यांनी फॉर्म बघितला. आणि फॉर्मवर मी होते.

माझे हातपाय गार पडले. मी स्वतः गारठण्याची एवढी एकच आठवण माझ्याकडे आहे.

मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी रिपोर्ट उघडला, फॉर्म काढला, चष्मा लावला.

"शैला गारू, ये चौबीस किसने देखा?"

"मैंने लिखा, मॅडम."

"मैं पूछ रही हूँ, देखा किसने?"

"किसी ने नहीं."

"एक दिन का है कि रोज का?"

"रोज का."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मस्तानभाईंची थंडी आम्ही दर दहा मिनिटांनी मोजली होती, दशांशासकट. धडधाकट माणसाच्या गारठ्याची वहीच्या वही भरली होती. आणि आजारी बाईची ऊब मी चहा पिता पिता लिहून मोकळी झाले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजूनही गेलेली नाही.

मॅडमनी फोन करून बुधवारची बायोप्सी थांबवली. गुरुवारी ऊबदार खोलीत पुन्हा स्कॅन करायचं ठरलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आशा लावू नका, तो आजारही असू शकतो. टीचरना फोन तुम्हीच करा, म्हणाल्या.

मी फोन केला. स्कॅन पुन्हा करावा लागेल, आमच्याकडून तयारीत चूक झाली, एवढं बोलले. मग सवयीने सूचना द्यायला लागले. सहा तास उपाशी या, स्वेटर घालून या, आणि केस अगदी कोरडे करून या.



"केस नाहीत आता," टीचर म्हणाल्या. "शनिवारी रिपोर्ट कळला. रविवारी जाऊन काढून आले. मागच्या वेळी उशीवर पुंजके सापडायचे ना हो सकाळी, ते पुन्हा बघवलं नसतं. म्हटलं आपणच काढावेत."

मी गुरुवारची वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

गुरुवारी मी सकाळी सहालाच खोलीत गेले. त्या दिवशी जाकीट नाही, शिंपी नाही, संशोधन नाही. भिंतीवर घरून आणलेला तापमापक लावला. एसी बंद, वर एक हीटर. सव्वीस डिग्री झाल्यावरच त्यांना आत घेतलं. डोक्याला लोकरी टोपी होती. दोन ब्लँकेटं घातली, पायांत मोजे चढवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा रुग्णाला सांगितलं की बोलू नका, पण थंडी वाजली तर बोला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी वाजत होती," त्या म्हणाल्या. "खूप वाजत होती. पण तुम्ही बोलू नका म्हणाला होता. मला वाटलं, बोलले तर स्कॅन बिघडेल."

मी तासभर त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसले. घामाने माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. त्यांची पायाची बोटं सरळ होती, जबडा सैल होता, आणि त्या एकदाही ठीक आहे म्हणाल्या नाहीत. स्कॅन सुरू झाला तेव्हा मला आधी पडद्याकडे बघवेना. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. मेंदू आला, उजळलेला, असतोच. मग जबडा, मग गळा, मग मान आली. मान काळीशार होती. दोन्ही बाजूंनी, जुन्या गाठीसकट, श्रीनिवास रावांच्या मानेसारखी मिट्ट काळी. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

टीचरना मॅडमनीच सांगितलं की आजार नाही. मॅडम गेल्यावर मी टीचरना उरलेलं सांगितलं. रिमोट, अठरा, चोवीस, सगळं. फॉर्मचा कागदही दाखवला, माझ्या अक्षरातला. त्यांनी तो शिक्षकाच्या नजरेने वाचला.

"म्हणजे गणित न करताच उत्तर लिहिलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो."

मग त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि रडायला लागल्या. शनिवारी रिपोर्ट ऐकून त्या रडल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या यजमानांनी नंतर सांगितलं. केसांसाठी रडल्या. मी शेजारी उभी होते. माफ करा म्हणाले, ते त्यांनी ऐकलं, पण त्यावर हो किंवा नाही असं काहीच म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं.

मला मेमो मिळाला, तो रास्तच होता. रिमोट नाडीने भिंतीला बांधला. तापमापक तिथंच राहिला. फॉर्म आधी भरायचा नाही असा नियम झाला, आणि तो मोडला तर काय होतं हे नव्या मुलींना सांगायचं काम मॅडमनी मलाच दिलं. दर वेळी मी ते नाव घेऊन सांगायची, म्हणजे माझं. फॉर्मवर मी हाताने एक रकाना वाढवला होता, केस ओले आहेत का. पुढे तो छापून यायला लागला. आता तो सगळ्यांना विचारावा लागतो, चकचकीत टक्कल असलेल्यांनासुद्धा. एका रिटायर्ड तहसीलदारांनी मला त्यावरून इतकं सुनावलं की मी ते इथे लिहू शकत नाही.

संशोधन पूर्ण झालं, छापूनही आलं, आणि मस्तानभाईंची मान त्यात बिनानावाने झळकली. मी छापील पान त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते दुकानात फ्रेम करून लावलंय.

मी रिटायर झाले त्या महिन्यात वृंदा टीचरची औषधं संपून पाच वर्षं पूर्ण होत होती, आणि त्यांच्या डॉक्टरांनी शेवटचा म्हणून एक स्कॅन सांगितला होता. मधल्या काळात आम्ही कधी भेटलो नव्हतो. यादीत नाव बघून मी मल्लम्माला म्हटलं की आज दुसऱ्या कुणाला तरी पाठव, मी नको. मल्लम्मा म्हणाली, तुमचं नाव घेऊन विचारतायत.

त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या. मी फॉर्म घेतला. नाव, वय, वजन, उपाशी आहात का, असं करत त्या रकान्यापाशी आले.

"केस ओले आहेत का?"

त्यांनी पाठ माझ्याकडे केली, पदर बाजूला घेतला आणि वेणी उचलून माझ्या हातात दिली. "बघा," म्हणाल्या. "बघून मग लिहा."

मी मुळापासून टोकापर्यंत हात फिरवला. वेणी कोरडी होती. मग उठून भिंतीजवळ गेले, चष्मा लावून तापमापक वाचला, परत येऊन बसले, आणि लिहिलं. नाही. पंचवीस.